समोरच्या वकिलाचं आणि जजचं आडनाव एकच निघालं तर?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, माझे मामा कोर्ट नाक्यावरनं थेट आमच्या घरी आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "संपलं. केस गेली आपली." मामांची नौपाड्यातल्या पागडीच्या खोलीची केस ठाण्याच्या दिवाणी कोर्टात इतकी वर्षं चाललीये की आमच्या घरात ती एखाद्या म्हाताऱ्या नातेवाईकासारखी झालीये, अधूनमधून तब्येत विचारायची आणि सोडून द्यायचं. मला वाटलं निकाल लागला. तर निकाल वगैरे काही नाही, फक्त जज बदलले होते आणि नवीन जजसाहेबांचं आणि समोरच्या पार्टीच्या वकिलाचं आडनाव एकच होतं. मामांनी दारावरची पाटी वाचली, वकिलाकडे बघितलं आणि उभ्या उभ्या नातं लावून टाकलं. "चुलत भाऊ असणार. कपाळ बघ ना दोघांचं."

आडनाव सांगत नाही, पण अर्ध्या ठाण्याचं तेच आहे. आमच्या वकीलबाई फोनवर हसल्या, म्हणाल्या जजसाहेब नांदेडकडचे आहेत, तो वकील चिपळूणचा, काही संबंध नाही. मामांचं समाधान अर्थातच झालं नाही. पण त्या रात्री मी विचार करत बसलो की समजा खरंच नातं असतं तर? नियम काय आहे? जजने काय करायचं असतं आणि नाही केलं तर त्याला कोण विचारतं? मी वकील नाही, पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मग मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जजेसच्या मालमत्तेची माहिती वेबसाइटवर टाकली, आणि त्याच वेळी नोव्हेंबर २०२२ पासून हायकोर्टांसाठी कोणाकोणाच्या नावाची शिफारस केली तेही टाकलं, आणि त्यात हेसुद्धा होतं की हा उमेदवार आजी-माजी जजचा नातेवाईक आहे का. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस हाच विषय चालला आणि जवळपास प्रत्येकजण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवत होता. म्हणून हे लिहितोय.

आधी वॉटरप्रूफिंग

घोडबंदर रोडवरची कुठलीही सोसायटी घ्या. टेरेसचं वॉटरप्रूफिंग करायचंय, चार कोटेशन आली, त्यातलं एक सेक्रेटरीच्या मेव्हण्याचं. आता असंही असू शकतं की मेव्हण्याचंच काम सगळ्यात चांगलं आणि रेटही कमी, सेक्रेटरी एक रुपया खाणारा माणूस नाही. तरी एजीएममध्ये काय होणार ते तुम्हाला माहितीये. आणि पुढच्या पावसाळ्यात एक थेंब जरी गळला तरी जन्मभर ऐकावं लागणार.

याला म्हणतात हितसंबंधांचा संघर्ष. निर्णय घेणारी खुर्ची आणि त्या निर्णयाने ज्याचं भलं किंवा नुकसान होणार ते घर, ही दोन एकमेकांना चिकटलेली असणं. यात कोणी गुन्हा केलाय असं नाही हे नीट लक्षात घ्या, ही फक्त एक परिस्थिती आहे, मेव्हणा असणं हा काही सेक्रेटरीचा दोष नाही. दोष तेव्हा सुरू होतो जेव्हा तो गप्प बसतो. त्याने करायचं एवढंच की सगळ्यांसमोर सांगायचं, बाबांनो हा माझा मेव्हणा आहे, आणि मग मत न देता बाहेर जाऊन बसायचं.

जजच्या बाबतीत मूळ तत्त्व हेच. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. आणि स्वतःचं म्हणजे नुसतं स्वतःचं नाही, बायकोचं, मुलाचं, सुनेचं, भावाचं पण.

इंग्लंडमधली एक केस आहे १८५२ सालची. एका कालव्याच्या कंपनीच्या बाजूने लॉर्ड चान्सलरने, म्हणजे तिथल्या एका बड्या न्यायाधीशाने, निकाल दिला, लॉर्ड कॉटनहॅम नाव त्यांचं, आणि नंतर कळलं की त्यांचे त्या कंपनीत शेअर्स आहेत. त्यांनी शेअर्समुळे निकाल फिरवला असं कोणीच म्हटलं नाही, वरच्या कोर्टानेही स्पष्ट सांगितलं की तसा संशयसुद्धा नाही. तरी निकाल रद्द. तिकडचीच अलीकडची केस म्हणजे चिलीचा हुकूमशहा पिनोशे, १९९८ ची. त्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी काम करणारी संस्था एक पक्ष म्हणून उभी होती, आणि निकाल देणाऱ्या जजांपैकी लॉर्ड हॉफमन हे ॲम्नेस्टीच्याच एका संलग्न संस्थेचे संचालक निघाले, त्यांची बायको ॲम्नेस्टीत नोकरीला. हे कोणी आधी उघड सांगितलं नव्हतं. झालं, देशातल्या सर्वोच्च कोर्टाला स्वतःचाच निकाल गुंडाळून नव्या जजेससमोर केस परत चालवावी लागली.

पण जज प्रामाणिक असेल तर काय प्रॉब्लेम आहे?

हा प्रश्न ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आला. एका काकांनी रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण दिलं, राघोबादादांना तोंडावर सांगणारा न्यायाधीश आपल्याकडे होऊन गेला वगैरे. काका, रामशास्त्री अडीचशे वर्षांत एक झाले म्हणून तर आपण त्यांची गोष्ट सांगतो ना. नियम उरलेल्यांसाठी असतात.

आणि खरं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये देऊन ठेवलंय. रणजित ठाकूर नावाचा लष्करातला एक सिग्नलमन, त्याने वरिष्ठाने छळ केल्याची तक्रार केली, पुढे त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच अधिकारी निवाडा करायला बसला. नोकरी गेली, वर एक वर्षाची कैद. सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द केलं आणि सांगितलं की जजने स्वतःच्या मनाला विचारायचं नाही की बाबा मी पक्षपाती आहे का, कारण उत्तर नाहीच येणार. त्याने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात डोकावून बघायचं. या माणसाला इथे रास्त भीती वाटेल का? रास्त हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर माझ्या मामांच्या मनात डोकावलं तर ठाण्यात एक पण जज उरणार नाही.

गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग साइडचाच पोरगा अंपायर असतो, आठवतंय? तो रन आऊट खरंच नसेलही. पण त्याने नॉट आऊट म्हटलं की भांडण ठरलेलं. अंपायर बाहेरचा असेल तर त्याच निर्णयावर लोक शिव्या देतात पण खेळतात.

नियम नक्की काय आहे

वरच्या कोर्टांच्या जजेससाठी ७ मे १९९७ ला सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या जजेसनी मिळून सोळा कलमांची एक आचारसंहिता मंजूर केली. त्यात घरच्यांबद्दल बरंच आहे. नवरा-बायको, मुलगा, मुलगी, जावई, सून किंवा दुसरा कुठला जवळचा नातेवाईक वकील असेल तर त्याला आपल्यासमोर उभं राहू द्यायचं नाही, नुसतं उभं राहणं सोडा, आपल्यापुढच्या केसशी त्याचा कसलाच संबंध असता कामा नये. म्हणजे ड्राफ्ट मुलाने करायचा आणि युक्तिवादाला मित्राला पाठवायचं, हेही चालत नाही. जज ज्या घरात राहतो तिथे घरातल्या वकिलाने ऑफिस थाटायचं नाही. हे कलम मला फार आवडतं कारण ज्याने लिहिलं त्याला व्यवहार कळत होता, अशील खाली हॉलमध्ये बसलाय आणि वरनं जजसाहेब वॉकला निघालेत, नुसतं एवढं दृश्यच पुरेसं आहे, काही बोलावं पण लागत नाही. नातेवाईकाची किंवा मित्राची केस ऐकायची नाही. आणि ज्या कंपनीत आपले शेअर्स आहेत तिची केस, ते उघड सांगितल्याशिवाय आणि कोणाची हरकत नसल्याशिवाय ऐकायची नाही. हे शेवटचं प्रत्यक्षात झालेलं पण आहे, जस्टिस कपाडिया वेदांताच्या नियमगिरीच्या केसमध्ये बसले होते तेव्हा त्यांनी आपल्याकडे स्टरलाइटचे, म्हणजे वेदांताच्याच ग्रुपमधल्या कंपनीचे, शेअर्स आहेत हे कोर्टातच सांगितलं होतं.

दुसऱ्या बाजूने वकिलांवरही बंधन आहे. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात नात्यांची एक लांबलचक यादीच आहे, बाप, आजोबा, मुलगा, नातू, भाऊ, बहीण, नवरा, बायको, सासू, सासरे, जावई, सून, सख्खे चुलत भाऊ सगळे. इंग्रजीत अंकल एका शब्दात संपतं, आपल्याकडे त्यात काका, मामा, मावशीचे यजमान असं अख्खं लग्नाचं वऱ्हाड येतं. यातलं कोणी जज म्हणून बसलं असेल तर त्या कोर्टात वकिलाने वकीलपत्रच घ्यायचं नाही.

आता मेख. "त्या कोर्टात" म्हणजे त्या जजच्या बेंचसमोर. अख्खी बिल्डिंग नाही. म्हणजे वडील दहा नंबरच्या कोर्टात जज आणि मुलगा अकरा नंबरमध्ये युक्तिवाद करतोय, नियमाने यात काही चूक नाही. कागदावर ठीक आहे, पण अकरा नंबरचे जज आणि दहा नंबरचे जज दुपारी एकत्र जेवतात हे अशिलाला पण माहीत असतं. २००९ मध्ये लॉ कमिशनने आपल्या २३० व्या अहवालात यावरच बोट ठेवलं, लोक याला अंकल जज म्हणतात, आणि सुचवलं की ज्याचे नातेवाईक ज्या हायकोर्टात वकिली करतात तिथे त्याला जज नेमूच नका. सूचना सूचनाच राहिली. पण कोणी मनावर घेतलं तर करता येतं. २०२३ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाचे जस्टिस अतुल श्रीधरन यांनी स्वतःहून राज्याबाहेर बदली मागून घेतली, कारण काय तर मोठी मुलगी पुढच्या वर्षी वकिली सुरू करणार आणि इंदूर बेंचसमोर उभी राहणार. त्यांना जम्मू-काश्मीरला पाठवलं. मुलीने करियर सोडलं नाही, बापाने गाव सोडलं.

तीन गोष्टी कालवू नका

केस सोडणं, निकाल रद्द होणं आणि जजवर कारवाई होणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वाद इथेच फसतात.

केस सोडणं म्हणजे रिक्यूजल. जज म्हणतो ही केस माझ्यासमोर नको, फाईल दुसऱ्या बेंचकडे जाते. वकील लोक त्याला "नॉट बिफोर मी" म्हणतात. यात जजची कसलीही नाचक्की नाही, उलट तो नियम पाळतोय. पेपरात "न्यायमूर्तींनी सुनावणीतून माघार घेतली" असं येतं आणि लोकांना वाटतं काहीतरी लफडं आहे. अहो लफडं तर माघार नाही घेतली तर होईल.

निकाल रद्द होणं म्हणजे जज बसला, नंतर नातं बाहेर आलं, वरच्या कोर्टाने निकाल पुसला. हा उपाय पक्षकारासाठी आहे. जजला यात वैयक्तिक काही होत नाही, आणि त्याने काही मिळवलं हे सिद्ध पण करावं लागत नाही.

आणि तिसरी कारवाई. इथे मात्र विचारावं लागतं की त्याला माहीत होतं का, त्याने लपवलं का, पुन्हा पुन्हा केलं का. सुनेने परस्पर कुठल्या कंपनीचे शेअर्स घेतले आणि सासऱ्याला पत्ताच नव्हता, तर निकालाचा प्रश्न उभा राहू शकतो पण शिक्षेचा राहणं अवघड आहे. बाकी न विचारणं ही पण सवय होऊ शकते. अमेरिकेत तर कायद्यातच लिहिलंय की जजने स्वतःची आर्थिक गुंतवणूक माहीत करून घ्यायची आणि नवऱ्या-बायकोची, लहान मुलांची माहीत करून घ्यायचा रास्त प्रयत्न करायचा, एक शेअर असला तरी केस सोडायची. तरी २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने शोधून काढलं की १३१ फेडरल जज अशा केसेसमध्ये बसले होते ज्यात त्यांचे किंवा घरच्यांचे शेअर्स होते, केसेस ६८५. बऱ्याच जणांचं म्हणणं लक्षातच आलं नाही. पुढच्याच वर्षी तिकडे कायदा करून जजेसच्या गुंतवणुकीची माहिती ऑनलाइन टाकणं सक्तीचं केलं.

मग आपल्याकडे कारवाई करतं कोण?

ठाणे, बेलापूर, पनवेल इथले जे जज आहेत त्यांच्यावर घटनेच्या कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाचं नियंत्रण. बदली, चौकशी, बढती अडवणं, सगळं हायकोर्टाच्या हातात, आणि ते वापरलं पण जातं. या पातळीवर छडी चांगली जाड आहे. कधीकधी तर जरुरीपेक्षा जाड, खोट्या निनावी तक्रारींनी चांगले जज पण हैराण होतात असं वकीलच सांगतात.

हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या जजची गोष्ट वेगळी. त्यांना काढायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, मग तीन जणांची समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि वर हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. बोलताना आपण महाभियोग म्हणतो. १९९३ मध्ये जस्टिस व्ही. रामस्वामींचं प्रकरण लोकसभेत मतदानापर्यंत आलं, ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि तरी ठराव पडला कारण काँग्रेसचे खासदार मतच न देता बसून राहिले. २०११ मध्ये जस्टिस सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने ठराव मंजूर केला तर लोकसभेची वेळ यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे एका टोकाला काहीच नाही आणि दुसऱ्या टोकाला हा हत्ती. मुलाला बंगल्यात ऑफिस थाटू दिलं म्हणून कोणी १०० खासदार गोळा करणार आहे का? ही मधली जागा रिकामी आहे हे कोर्टाच्या लक्षात आलं ते आपल्या मुंबईच्याच एका प्रकरणात. १९९५ मध्ये बॉम्बे हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचारजी यांनी राजीनामा द्यावा म्हणून वकिलांच्या संघटनांनी ठराव केले, त्यांनी तो दिलाही, मामला पुस्तकाच्या मानधनाचा होता. ते सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्ट म्हणालं की वकिलांनी असा दबाव आणायचा नाही, पण हेही मान्य केलं की वाईट वागणूक आणि महाभियोग होण्याइतकी वाईट वागणूक यांच्यामध्ये मोठी दरी आहे. त्यातूनच पुढे इन-हाऊस प्रोसिजर आली, १९९९ मध्ये ती स्वीकारली. घरातलं घरात. हायकोर्टाच्या जजविरुद्ध तक्रार असेल तर दुसऱ्या हायकोर्टांचे दोन मुख्य न्यायाधीश आणि एक जज चौकशी करतात. फार गंभीर नसेल तर समज देतात, गंभीर असेल तर राजीनामा द्या म्हणतात, ऐकलं नाही तर काम काढून घेतात आणि सरन्यायाधीश राष्ट्रपती-पंतप्रधानांना कळवतात.

पद्धत वाईट नाही. पण तक्रार करणाऱ्याला पुढे काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही आणि मला यातली खरी खोट हीच वाटते. ताकीद, काही काळ काम काढून घेणं असल्या मधल्या पायऱ्या कायद्यातच आणणारं एक विधेयक २०१० मध्ये आलं होतं, २०१२ मध्ये लोकसभेत पास पण झालं, मग राज्यसभेत अडकलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तशी तेही संपलं.

असं असेल तर कोणीही उठून जजवर बोट दाखवेल की

दाखवतातच. नको असलेला जज टाळायचा हा जुना धंदा आहे, बेंच हंटिंग म्हणतात त्याला. मुद्दाम जजच्या भाच्यालाच वकील म्हणून घ्यायचं म्हणजे जजला केस सोडावीच लागेल, इतकी डोकी चालतात. २०१४ मध्ये सहाराच्या केसमध्ये बेंचने केस सोडायला साफ नकार दिला होता, असल्या दबावाला बळी पडणं म्हणजेच शपथ मोडणं असं म्हणून. ते पटतं. जजचं काम बसणं आहे, उठणं अपवाद आहे.

अडचण अशी की उठायचं की नाही हे तोच जज ठरवतो ज्याच्यावर आक्षेप आहे. आणि का उठला हे सांगायची सक्ती नाही. २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या केसमध्ये जस्टिस कुरियन जोसेफ यांनी लिहिलं होतं की कारण सांगितलं पाहिजे, पण आजही कित्येकदा रोजनाम्यात एका ओळीत विषय संपतो. कारण लिहिलं तर दोन फायदे, खरं कारण असेल तर लोकांना कळतं आणि नसेल तर पुढच्या वेळी तीच ट्रिक चालत नाही.

आणि सगळेच एकमेकांचे पाहुणे असतील तर? हरियाणा लोकसेवा आयोगात सदस्यांचेच नातेवाईक उमेदवार होते, १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तुमचा नातेवाईक मुलाखतीला आला की तेवढ्यापुरतं उठून जा, अख्खी निवड सोडून घरी बसायची गरज नाही. आणि निर्णय देणारा दुसरा माणूसच नसेल, तर नाइलाज म्हणून त्याच माणसाने निर्णय द्यायचा हेही कायद्याला मान्य आहे. न्याय थोडा डागाळलेला चालेल, बंद पडलेला चालणार नाही.

तुमच्या केसमध्ये खरंच असं झालं तर

पहिलं म्हणजे लवकर बोला. नातं माहीत असून गप्प बसायचं आणि निकाल विरुद्ध गेला की मग ओरडायचं, हे कोर्ट ऐकून घेत नाही, माहीत होतं तर तुम्ही हक्क सोडला असं धरतात. १९५७ मध्ये माणकलाल नावाच्या केसमध्ये अगदी हेच झालं. आक्षेपात तथ्य होतं पण उशिरा घेतला म्हणून गेला. तर वकिलामार्फत त्याच जजसमोर नम्रपणे मुद्दा मांडायचा, नाही ऐकलं तर दिवाणी केस असेल तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टात केस दुसरीकडे पाठवायचा अर्ज. जजविरुद्ध तक्रार करायची तर ती हायकोर्टाकडे, शपथपत्रासोबत, पुराव्यासकट. निकाल आवडला नाही ही तक्रार होत नाही, त्याला अपील म्हणतात. आणि व्हॉट्सॲपवर जजचं नाव घेऊन "सेटिंग आहे" वगैरे टाकू नका, कोर्टाचा अवमान नावाची गोष्ट अजून जिवंत आहे.

आडनाव हा पुरावा नाही. वकीलबाईंनी मामांना हे तीन वेळा सांगितलं. तरी पुढची दोन वर्षं मामा दर तारखेला जाऊन त्या दोघांच्या कपाळांचा अभ्यास करत होते, आणि त्या जजसाहेबांनी त्याच दोन वर्षांत समोरच्या पार्टीचे मुदत मागणारे दोन अर्ज फेटाळले हे मी त्यांना सांगून बघितलं, तर म्हणाले, "दाखवायला करतात."

या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या जजसाहेबांची बदली झाली. नवीन जजसाहेब आलेत. आणि खरं सांगतो, त्यांचं आडनाव आणि आमच्या वकीलबाईंचं सासरचं आडनाव एकच आहे. मी मामांना विचारलं, आता काय, अर्ज करायचा का? मामा मिसळीतला पाव मोडता मोडता म्हणाले, "छे रे, आडनावं काय, सारखी असतात लोकांची."